मीठ घातलं की पाणी लवकर उकळतं का? : माझ्या चुकलेल्या एका पाठाची दुरुस्ती



आजचा पाठ साध्या पाण्याचा आणि साध्या मिठाचा आहे. साहित्य प्रत्येकाच्या घरात आहे. तरीही हा पाठ मी एकदा चुकीचा शिकवला होता. ती चूक वर्गातच राहिली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं, पण ती एका मुलीबरोबर तिच्या घरी गेली, थेट चुलीपर्यंत पोचली. म्हणून आधी चूक सांगते आणि मग दुरुस्ती.

चूक कुठे झाली?

मी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीला परिसर अभ्यासाच्या तासाला 'पाण्यात काय विरघळतं, काय विरघळत नाही' हे शिकवत होते. शाळेत पोषण आहार शिजतो, त्यामुळे गरम पाणी हाताशीच होतं. पातेल्यातलं पाणी उकळायच्या बेतात होतं. मी त्यात चमचाभर मीठ टाकलं. सर्रकन फेस वर आला. मुलं ओरडली, "बाई, उकळलं!" आणि मीही उत्साहात बोलून गेले, "बघा, मीठ टाकलं की पाणी लवकर उकळतं."

मला तेव्हा तसंच वाटत होतं. लहानपणी घरी ऐकलेलं, डोळ्यांना दिसलेलं. तपासून बघायचं सुचलंच नाही.

पुढच्या जुलैत एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. जुलाब लागले होते, आता बरी होती. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा पाणी उकळून प्या असं आशाताई आणि आम्ही शिक्षक घरोघर सांगतच असतो. त्या घरातही चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. सरपण ओलं, घरभर धूर. मुलीच्या आईने मिठाच्या डब्यातून चिमूट काढून पाण्यात टाकली, वर फेस आला आणि तिने लगेच पातेलं खाली उतरवलं. मी विचारलं, "एवढ्यात उतरवलं?" ती म्हणाली, "उकळलं ना बाई. तुम्हीच पोरांना सांगितलंय, मीठ टाकलं की लवकर उकळतं. सरपण वाचतं."

मी काय बोलणार? पोरगी त्यामुळेच आजारी पडली असं मी म्हणणार नाही. जुलाबाची कारणं दहा असतात. पण ते पाणी उकळलेलं नव्हतं हे मला समोर दिसत होतं, आणि ते उकळलंय असं त्या माउलीला वाटायला मी कारणीभूत होते, हेही तेवढंच खरं.

त्या दिवशी ठरवलं, हा पाठ पुन्हा घ्यायचा. या वेळी आधी स्वतः तपासून.

आधी हे ठरवू : उकळी म्हणजे काय?

आपल्याकडे भाताला आधण ठेवतात. आधण आलं की नाही हे आजी झाकण उचलून बघते, नुसत्या आवाजावरूनही ओळखते. तिला जे कळतं ते आपण मुलांना पायरीपायरीने दाखवू या.

१. पाणी कोमट झालं की भांड्याच्या बुडाला आणि कडेला बारीक बुडबुडे चिकटतात. ही वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. गरम पाण्यात हवा कमी विरघळते.

२. पाणी आणखी तापलं की सूं असा आवाज येऊ लागतो. बुडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, पण वरचं पाणी तेवढं तापलेलं नसतं, म्हणून ते वर येता येता विरतात.

३. शेवटी पृष्ठभागापर्यंत मोठे बुडबुडे येऊन फुटतात. पाणी सगळीकडून खळखळतं, ढवळलं तरी थांबत नाही. ही खरी उकळी. आता आच कितीही वाढवली तरी साध्या पाण्याचं तापमान पुढे जात नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सिअस असतं.

म्हणजे बुडबुडे दिसले की पाणी उकळलं, हेच मुळात चुकीचं. बुडबुडे तिन्ही पायऱ्यांवर दिसतात, पण उकळी एकाच पायरीवर असते.

प्रयोग

साहित्य : एकाच मापाची स्टीलची पातेली, मोजपात्र, मीठ, धुऊन वाळवलेली जाड वाळू, ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर (मी जवळच्या हायस्कूलमधून मागून आणला), मोबाइलमधलं घड्याळ.

दक्षता : शेगडीजवळ फक्त शिक्षक. मुलं दोन पावलं लांब, अर्धगोलात. थर्मामीटरचं टोक बुडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर भांड्याचं तापमान दिसतं. तापलेल्या पाण्यात मीठ किंवा वाळू टाकायची ती लांब दांड्याच्या चमच्याने, थोडी थोडी, तोंड बाजूला ठेवून, कारण पाणी एकदम उसळून हातावर येऊ शकतं. तापाचा थर्मामीटर चुकूनही वापरू नका, तो फुटतो.

*प्रयोग पहिला : वेळ मोजू या.*

प्रत्येक वेळी एक लिटर पाणी, तेच पातेलं, तीच शेगडी, तेवढीच आच. वेळा अशा आल्या :

साधं पाणी : ७ मिनिटं १० सेकंद.
एक चहाचा चमचा मीठ सुरुवातीलाच घालून : ७ मिनिटं ५ सेकंद.
१०० ग्रॅम मीठ घालून : ७ मिनिटं २० सेकंद.

मुलांनी लगेच निकाल लावला, "एक चमचा मिठाने लवकर उकळलं!" मी म्हटलं, थांबा. साधं पाणी पुन्हा एकदा ठेवलं. या वेळी ७ मिनिटं २५ सेकंद लागले. साध्या पाण्याच्या दोन वेळांतच पंधरा सेकंदांचा फरक पडतो, मग पाच सेकंदांच्या फरकावरून काय सांगणार? एकदा मोजून निष्कर्ष काढायचा नाही, हे माझ्या मते या पाठातलं सर्वांत महत्त्वाचं शिक्षण. ते मिठापेक्षा मोठं आहे.

*प्रयोग दुसरा : तापमान मोजू या.*

खळखळून उकळी आल्यावर थर्मामीटर वाचला. साध्या पाण्याला आमच्या थर्मामीटरने ९९ दाखवलं (शाळेतला थर्मामीटर एखाद-अर्धा अंश इकडेतिकडे असतोच). एक चमचा मिठाच्या पाण्याला तेवढंच, ९९. १०० ग्रॅमच्या पाण्याला १०० च्या थोडं वर. २०० ग्रॅमच्या पाण्याला १०२ आणि १०३ च्या मध्ये. पाणी लवकर उकळणं बाजूलाच राहिलं, भरपूर मीठ घातल्यावर ते जास्त तापमानाला उकळत होतं.

*प्रयोग तिसरा : फेस कशाचा?*

साधं पाणी जवळजवळ उकळीला आणलं. वर अजून खळखळ नव्हती. थर्मामीटर ९५ च्या आसपास. चमचाभर मीठ टाकलं. सर्रकन फेस. मुलं थर्मामीटरकडे बघत होती. पारा वर चढला नाही. दोन-तीन सेकंदांत फेस बसला आणि पाणी आधीपेक्षा शांत झालं.

मग दुसऱ्या पातेल्यात तेवढ्याच गरम पाण्यात चमचाभर कोरडी वाळू टाकली. पुन्हा तसाच फेस!

वाळू तर विरघळत नाही. म्हणजे फेसाचा आणि विरघळण्याचा संबंध नाही. वर्ग अगदी शांत झाला होता.

म्हशाच्या जत्रेतला सोडा

तेव्हा तीच जुलैत आजारी पडलेली मुलगी बोलली, "बाई, म्हशाच्या जत्रेत सोडावाला गिलासात मीठ टाकतो तेव्हा पण असाच फेस येतो. सोडा तर थंड असतो. मग तो उकळतो का?"

पौष पौर्णिमेला आमच्या तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार असतो, आणि आमची सगळी पोरं तिथे लिंबू-सोडा पितातच. जे मला दहा वाक्यांत समजावता आलं नसतं ते तिने एका प्रश्नात समजावलं.

सोड्यात वायू दाबून भरलेला असतो. तो बाहेर पडायला टपलेला असतो, पण बुडबुडा तयार व्हायला सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. मिठाचा दाणा खडबडीत असतो, त्याच्या खाचाखोचांत हवा अडकलेली असते. त्या खाचांत बुडबुडे धरायला जागा मिळते आणि वायू भसकन बाहेर येतो. उकळीच्या बेतातल्या पाण्यातही तेच घडतं. बुडाशी पाणी वरच्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, वाफ व्हायला तयार असतं. दाणे खाली गेले की त्यांच्याभोवती एकदम बुडबुडे धरतात. मीठ, साखर, चहाची पूड, वाळू, कशानेही हे होतं. चहाच्या आधणात साखर टाकताना फसफस होते ती हीच.

नंतर पाणी शांत का होतं? टाकलेलं मीठ थंड असतं आणि मीठ विरघळतानाही पाण्यातली थोडी उष्णता घेतं. म्हणजे मीठ टाकल्यावर उकळी आल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात पाणी क्षणभर उकळीपासून मागे सरकतं.

फळ्यावर आम्ही एकच वाक्य लिहिलं : फसफस म्हणजे उकळी नव्हे.

मिठाने फरक पडतो, पण किती?

इथे शिक्षकांनी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. 'मिठाने काहीच होत नाही' हेही चूक. मिठाने पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, वाढतो. किती वाढतो ते बघा :

एक लिटर पाण्यात एक चमचा (सुमारे ६ ग्रॅम) मीठ : अंशाचा दहावा भाग. शाळेच्या थर्मामीटरवर दिसणारही नाही.
सुमारे ५८ ग्रॅम मीठ : साधारण १ अंश.
समुद्राचं पाणी (किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार) : अर्ध्या अंशाहून थोडं जास्त.
१०० ग्रॅम मीठ : दीड अंशाच्या थोडं वर.
आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं दाट पाणी : ते सुमारे १०८ ते १०९ अंशांना उकळतं.

आपण भाजी-आमटीत घालतो तेवढ्या मिठाने स्वयंपाकाच्या वेळेत फरक पडत नाही. आणि ज्या मिठाने एक अंशाचा फरक पडतो ते पाणी तोंडातही धरवणार नाही.

एक शंका चलाख पालक विचारतील : उकळायला जास्त तापमान लागतं, तर मग १०० ग्रॅमच्या पाण्याला जास्त वेळ का लागला नाही? कारण असं : मीठ विरघळलेलं पाणी तेवढ्याच वजनाच्या साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेत तापतं. म्हणजे चढण थोडी उंच झाली, पण चालणं थोडं सोपं झालं. दोन्ही फरक लहान आणि एकमेकांना खाणारे. म्हणून घड्याळात काही दिसलं नाही.

असं का होतं? दाराचं उदाहरण

शाळा सुटायची घंटा झाली की मुलं दाराकडे धावतात. दाराशी फक्त बाहेर जाणारीच मुलं असतील तर भराभर बाहेर पडतात. पण त्यांच्यात घरी न जाणारी, सरावासाठी थांबलेली मुलंही मिसळलेली असतील, तर एका वेळी दाराशी बाहेर जाणारी मुलं कमी येतात आणि बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. पाण्याचे कण वाफ होऊन बाहेर पडू शकतात, मिठाचे कण पडू शकत नाहीत. मिसळलेल्या मिठामुळे वाफेचा जोर कमी पडतो. हा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. कमी पडलेला जोर भरून काढायला पाणी थोडं जास्त तापवावं लागतं, एवढंच.

अर्थात ही उपमा आहे. मिठाचे कण पृष्ठभागावर पहारा देत उभे नसतात, ते सगळ्या पाण्यात सारखे पसरलेले असतात. महत्त्वाचं काय, तर पाण्यात किती परके कण मिसळले आहेत ही संख्या. मिठाचा प्रत्येक घटक पाण्यात दोन कणांत फुटतो, सोडियमचा एक आणि क्लोरिनचा एक. साखरेचा कण फुटत नाही आणि तो मोठा, जडही असतो. म्हणून तेवढ्याच वजनाच्या साखरेने फरक खूपच कमी पडतो. पण पाकात साखर पाण्यापेक्षाही जास्त असते. पाक आटत जातो तसं त्याचं तापमान १०० च्या बरंच वर चढतं. संक्रांतीला तिळगुळाच्या पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का बसतो, याचं उत्तर इथे आहे. तो जास्त तापलेला असतो आणि वर अंगाला चिकटतो. मुलांना पाकापासून लांब ठेवा.

मिठापेक्षा घाट मोठा

उकळी बाहेरच्या हवेच्या दाबावर अवलंबून असते, हे कळलं की पुढची गंमत दाखवता येते. आपण जसजसे उंच जातो तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. मुरबाडहून एसटीने माळशेज घाट चढून वर गेलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर असता. तिथे पाणी ९८ च्या थोडं खालीच उकळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. तिथे ते साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळेल. वरच्या टपरीवाल्याने आधणात चमचाभर मीठ घातलं तर त्याला अंशाचा दहावा भाग परत मिळेल. घाटाने नेलेले दोन अंश भरून काढायला लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त मीठ लागेल!

उलट कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणून कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. सरपण किंवा गॅस खरंच वाचवायचा असेल तर मीठ नको, भांड्यावर झाकण ठेवा. हा प्रयोग मुलांना घड्याळ लावून करू द्या. फरक इतका स्पष्ट येतो की वाद राहत नाही.

'डाळीत आधी मीठ घालू नये' म्हणतात ते?

आमच्या पोषण आहाराच्या मावशींनी हा प्रश्न विचारला. डाळीत आधी मीठ घातलं तर डाळ शिजत नाही, असं बऱ्याच घरांत सांगतात. त्याचं कारण म्हणून कुणी 'मिठाने पाणी उशिरा उकळतं' असं सांगितलं तर ते पटणारं नाही. उकळण्याचं तापमान वाढलं तर डाळ उलट लवकर शिजायला हवी, आणि अंशाच्या दहाव्या भागाने ना इकडचा फरक पडेल ना तिकडचा.

डाळी-कडधान्यं न शिजण्याची खरी कारणं वेगळी आहेत. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार जास्त असतील, तर साल आणि दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. काही बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजत नाही ती यामुळे. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचा आंबटपणाही दाण्याला मऊ होऊ देत नाही, म्हणून आंबट शेवटी घालायचं. जुनी कडधान्यंही हट्टी असतात. मिठाचं म्हणाल, तर कडधान्य रात्री मिठाच्या पाण्यात भिजवलं तर त्याचं साल मऊच पडतं. मावशींना मी सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, दोन वाट्या चवळी दोन प्रकारे शिजवून बघा. त्यांनी करून बघितलं आणि नंतर दोन दिवस तोच विषय!

मीठ कुठे जातं?

पाणी उकळून वाफ गेली तरी मीठ भांड्यातच राहतं. वाफेबरोबर ते जात नाही. झाकणाला लागलेले थेंब गार करून चाखले तर ते खारट नसतात (उकळीचे शिंतोडे उडाले नसतील तर). १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी हेच केलं. त्या एप्रिल महिन्यात मुंबईच्या किनाऱ्यावर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रियांनी समुद्राचं पाणी भांड्यात उकळून मीठ काढलं आणि कायदा मोडला. ते भांडं डोळ्यांसमोर आणा : सुरुवातीला पाणी शंभराच्या जरा वर उकळतंय. पाणी आटतंय, मीठ दाट होतंय, उकळण्याचं तापमान चढत चाललंय, आणि १०८-१०९ पर्यंत गेल्यावर बुडाशी पांढरे कण दिसू लागतात. इतिहासाच्या तासाला हे सांगा, विज्ञान आपोआप येईल.

पण मीठ मिळवायला उकळावंच लागतं असं नाही. भाईंदर, उरण, पेण इकडच्या मिठागरांत चूल नसते. उथळ वाफ्यांत खारं पाणी साठवतात आणि ऊन-वारा ते हळूहळू आटवतो. मिठाच्या आगरावरूनच आगरी हे नाव आलं असं मानतात. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना आपल्या जातीच्या नावात मीठ आहे हे पहिल्यांदाच कळलं. प्रयोगातलं खारं पाणी आम्ही टाकलं नाही. बाटलीत भरून ठेवलं, ऑक्टोबरच्या उन्हात परातीत ओतलं, वर जाळी झाकली. काही दिवसांनी परातीत चौकोनी कण चमकत होते. 'मीठ विरघळलं म्हणजे संपलं' असं म्हणणारी मुलं स्वतःच गप्प झाली.

पालकांसाठी : पाणी उकळताना

हा भाग कृपया वाड्या-पाड्यांवरच्या पालकसभेत वाचून दाखवा.

पिण्याचं पाणी उकळताना त्यात मीठ घालू नका. त्याने सरपण वाचत नाही, आणि खारट पाणी मूल कमी पितं.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि स्वच्छ फडक्याने गाळा.

बारीक बुडबुडे, सूं आवाज किंवा काहीतरी टाकल्यावर आलेला फेस बघून पाणी उतरवू नका. सगळीकडून खळखळून उकळी येऊ द्या आणि ती निदान एक मिनिट राहू द्या. जंतू मरायला शंभरच अंश लागतात असं नाही, त्याखालीही पुष्कळसे मरतात. पण चुलीवर थर्मामीटर नसतो. पाणी पुरेसं तापलं याची डोळ्यांना दिसणारी खात्रीची खूण एकच, खळखळती उकळी. मीठ टाकून आपण तीच खूण खोटी करतो.

उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. हात किंवा पेला न बुडवता ओगराळ्याने घ्या.

जुलाब झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीचं पाकीट द्या. ते आशाताई, अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रात मिळतं. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, आधी उकळून गार केलेल्या पाण्यात ते मिसळा. पाकीट नसेल तर असं एक लिटर पाणी घेऊन त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त करू नका. मिसळल्यावर पुन्हा उकळू नका. मूल सुस्त असेल, पाणी पोटात ठरत नसेल किंवा जुलाबातून रक्त जात असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

वर्गात घेताना

हा पाठ चौथी-पाचवीला दोन तासिकांत होतो. सूत्रं, आकडेमोड याची गरज नाही. माझा क्रम असा : आधी मुलांना अंदाज लिहायला लावा (लवकर, उशिरा की तेवढ्याच वेळात). मग मोजा. मग पुन्हा मोजा. मग वाळूचा प्रयोग. त्यानंतरच कारण विचारा. कारण आपण आधी सांगितलं की मुलं बघायचं सोडून आपलं वाक्य पाठ करतात. मीही लहानपणी तेच केलं होतं.

शेवटी हे तीन प्रश्न द्या :

१. थंड सोड्यात साखर टाकली तर काय होईल? का?
२. समुद्राचं पाणी आणि विहिरीचं पाणी यांत जास्त तापमानाला कोणतं उकळेल?
३. पाणी उकळलं हे घरच्यांना कसं ओळखायला सांगशील?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नको. मुलाने ते घरी चुलीपाशी दाखवायचं.

आणि माझी दुरुस्ती? प्रयोग झाले त्याच दिवशी मी वर्गासमोर सांगितलं, "मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." मुलांना त्याचं काही वाटलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "मग आता घरी पण सांगायला पायजे ना बाई." मी त्या मुलीच्या घरी पुन्हा गेले. आईला सगळं सांगितलं, माफीही मागितली. ती हसली, म्हणाली, "पोरीने कालच सांगितलं. आता खळखळेपर्यंत हलू देत नाही मला चुलीपासून."

आपण वर्गात बोललेलं एकेक वाक्य मुलं घरी नेतात. ते चुकलेलं निघालं तर दुरुस्तीही त्याच वाटेने घरापर्यंत पोचवायची, एवढंच आपल्या हातात आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या घरात असा एखादा 'सगळ्यांनाच माहीत असलेला' समज असेल तर तो मुलांसोबत तपासून बघा आणि काय निघालं ते नक्की कळवा.